जुन्या डेस्कटॉपचा प्रोसेसर आणि रॅम बदलायचीय? आधी मदरबोर्डला विचारा

आमच्या घरातला डेस्कटॉप २०१७ चा. पुण्याच्या तापकीर गल्लीतून, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, असेंबल करून आणलेला, इंटेलचा आय३ ६१०० प्रोसेसर, एच११० चा मदरबोर्ड (ज्यावर आतले सगळे पार्ट बसतात तो), ४ जीबी रॅमची एकच पट्टी आणि १ टीबीची हार्ड डिस्क. त्यावर बाबा सोसायटीचे हिशोब करतात आणि पोरगी शाळेचे प्रोजेक्ट करते. गेल्या वर्षी अशी वेळ आली की बाबा बटण दाबून चहा टाकायला जायचे, चहा उकळून गाळून पिऊन कप विसळून परत आले तरी स्क्रीनवर गोल गोल फिरतंच असायचं. नवीन घ्यायचा तर बाबांचा एकच प्रश्न, "चालतोय ना? मग?" म्हणून म्हणलं आतले पार्ट बदलू.

आणि मी पहिल्याच फटक्यात शेण खाल्लं. दोन व्हिडिओ बघितले, आपला सॉकेट, म्हणजे बोर्डवरची प्रोसेसर बसायची जागा, ११५१ आहे एवढं कळलं, आणि हिंजवडीला जाऊन एका माणसाकडून सेकंडहँड आय५ ८४०० घेऊन आलो कारण त्याचाही सॉकेट ११५१ च होता. घरी आणून बसवला, बसला पण अगदी झकास, काही जोर लावायला लागला नाही. फक्त कंप्युटर चालू झाला नाही. पंखा फिरतोय, स्क्रीन काळी. का ते पुढे सांगतो, पण हे सगळं लिहायचं कारण तेच, की तुम्ही तरी तो हिंजवडीचा ट्रॅफिक फुकट खाऊ नका.

एक शब्दाचा घोळ आधीच मिटवून टाकू. आपल्याकडे अख्ख्या डब्याला सीपीयू म्हणायची पद्धत आहे. दुकानात जाऊन "सीपीयू बदलायचाय" म्हणालात तर तो नवीन डबाच दाखवायला लागेल. डबा म्हणजे कॅबिनेट, आतली चौकोनी चीप म्हणजे प्रोसेसर, आणि रॅम म्हणजे ती लांब पट्टी. दुकानात असंच बोला.

१. नक्की अडतंय कुठे ते बघा

पैसे खर्च करायच्या आधी दोन दिवस नुसतं बघा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्सचा टॅब. आता तुम्ही रोज जे करता ते करा, ब्राउझरचे दहा टॅब, एक्सेल, काय असेल ते, आणि कंप्युटर अडकला की लगेच तिकडे नजर टाका.

मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर चिकटून बसली असेल तर रॅम कमी पडतेय. सीपीयू १०० ला जाऊन तिथेच राहत असेल तर प्रोसेसर. आणि सीपीयू निवांत, मेमरी निम्मी, पण डिस्क १०० टक्के, तर बाबांनो तुमचा आजार वेगळाच आहे, तुम्हाला एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी येणारी वेगवान डिस्क, पाहिजे. चालू व्हायला पाच पाच मिनिटं लागतात ती बहुतेक वेळा जुन्या हार्ड डिस्कमुळे, त्यात आय७ टाकला तरी तो डिस्कची वाट बघतच बसणार. यात एक गोम आहे, रॅम अपुरी असली की विंडोज डिस्कलाच रॅमसारखं वापरतं, त्यामुळे डिस्क १०० दिसते पण मूळ दुखणं रॅमचं असतं. म्हणून दोन्ही आकडे एकत्र बघायचे.

आमच्याकडे मेमरी ९३ आणि डिस्क १०० अशी जोडी होती, प्रोसेसर पोरगी व्हिडिओ एडिट करायला बसली तरच धापा टाकायचा. मी हे आधी बघितलंच नाही, थेट प्रोसेसर घ्यायला पळालो. माझ्या मते क्रम असा लावा: एसएसडी नसेल तर ती आधी, मग रॅम, आणि प्रोसेसर सगळ्यात शेवटी. रॅम टाकल्यावर एक आठवडा वापरा, निम्म्या लोकांना प्रोसेसर बदलायची गरजच उरत नाही.

त्याच मेमरीच्या पानावर खाली स्लॉट किती आणि त्यातले वापरात किती तेही दिसतं. ते लिहून ठेवा.

२. मदरबोर्डचं पूर्ण नाव शोधा

स्टार्टमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन शोधून उघडा, तिथे बेसबोर्ड प्रॉडक्ट म्हणून ओळ असते, ते तुमच्या बोर्डचं नाव. बायोसचं, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या बोर्डवरच्या सॉफ्टवेअरचं, व्हर्जन आणि तारीखही तिथेच मिळेल. किंवा सीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका, त्यात मेनबोर्डच्या टॅबमध्ये सगळं नीट येतं. कंप्युटर चालूच होत नसेल तर कॅबिनेट उघडून बोर्डवर छापलेलं वाचा, मोठ्या अक्षरात असतं. त्याच्या जवळपास व्हर्जन किंवा रिव्हिजन असं बारीक छापलेलं असतं तेही बघा, एकाच नावाच्या बोर्डच्या दोन रिव्हिजनमध्ये फरक असू शकतो. मोबाईलवर फोटो काढून ठेवा, दुकानात उपयोगी पडतो.

३. त्या बोर्डवर काय चालतं ते यादीत बघा

सगळा खेळ इथेच आहे. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलचं पान काढा, सपोर्टमध्ये सीपीयू सपोर्ट लिस्ट मिळेल. त्या यादीत प्रोसेसरचं नाव आणि त्याच्यासमोर कुठल्या बायोसपासून चालेल ते लिहिलेलं असतं. यादीत नाव नाही म्हणजे घ्यायचा नाही. दुकानदार "चालतंय ओ दादा" म्हणाला तरी नाही.

माझ्या आय५ ८४०० चं काय झालं तर, इंटेलची सहावी आणि सातवी पिढी (६१०० म्हणजे सहावी, ८४०० म्हणजे आठवी) ११५१ सॉकेटची, आणि आठवी नववी पण ११५१ चीच, पण आतली जोडणी बदलली आणि आठव्या नवव्याला ३०० सिरीजचा चिपसेट, म्हणजे बोर्डवरची मुख्य चीप जिच्यावरून बोर्डचं नाव पडतं ती, लागतो, म्हणजे एच३१०, बी३६० वगैरे. माझा एच११०. दिसायला तोच सॉकेट, खाचा जुळतात, चीप बसते, आणि चालत नाही. सॉकेटचा आकडा जुळला म्हणजे काम झालं असं अजिबात नाही, चिपसेट जुळला पाहिजे आणि बायोसही जुळलं पाहिजे.

आपल्याकडे घरोघरी जे बोर्ड सापडतात त्यांचं साधारण असं आहे. एच६१ म्हणजे ११५५ सॉकेट, दुसरी आणि तिसरी पिढी, तिसरीसाठी बऱ्याच बोर्डना बायोस अपडेट लागतं. एच८१ म्हणजे ११५०, चौथी पिढी. एच११० म्हणजे सहावी, आणि बायोस अपडेट केलं की सातवी. एएमडीवाल्यांची मजा आहे, त्यांचा एएम४ सॉकेट बरीच वर्षं टिकला आणि पहिल्या रायझनच्या काळातल्या कितीतरी बोर्डवर बायोस अपडेट करून ५००० सिरीज चालते, त्यामुळे तुमच्याकडे एएम४ बोर्ड असेल तर तुम्ही आमच्यापेक्षा नशीबवान. पण यादी तरीही बघा.

अजून काही खड्डे:

इंटेल प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं. एएमडीच्या एएम४ रायझनमध्ये उलटं, नावात जी असेल तरच ग्राफिक्स असतं. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल आणि बिनग्राफिक्सचा प्रोसेसर घेतला तर सगळं बरोबर बसवूनही स्क्रीन काळीच राहणार आणि तुम्ही रात्रभर रॅम काढून घालत बसणार.

स्वस्तात झिऑन, म्हणजे इंटेलचा सर्व्हरचा प्रोसेसर, मिळतोय म्हणून हुरळून जाऊ नका. चौथ्या पिढीच्या काळातले झिऑन ई३ व्ही३ बऱ्याच साध्या बोर्डवर चालायचे, तेच ऐकून लोक एच११० साठी ई३ व्ही५ घेतात, तो चालत नाही, त्याला सर्व्हरचा चिपसेट लागतो.

प्रोसेसरच्या धातूच्या टोपीवर इंटेल कॉन्फिडेन्शियल असं कोरलेलं दिसलं तर तो चाचणीसाठी काढलेला नमुना आहे, विकायचा मालच नाही तो. ठेवा परत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पैशाचं. प्रत्येक सॉकेटचा जो सगळ्यात वरचा प्रोसेसर असतो, आमच्या केसमध्ये, के-वाले सोडले तर, आय७ ७७००, त्याला सेकंडहँडमध्ये कायम अव्वाच्या सव्वा भाव असतो कारण जुना बोर्ड असलेले सगळे त्याच्याच मागे असतात. एक पायरी खाली या. मी शेवटी आय५ ७५०० घेतला, चार कोर, ३.४ गिगाहर्ट्झ, ६५ वॅट. जुना आय३ दोन कोरचा आणि ५१ वॅटचा होता, म्हणजे एसएमपीएसवर, अर्थात कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायवर, भार वाढून वाढून १४ वॅट, त्याची चिंता नाही. के लावलेले ९१ वॅटचे प्रोसेसर मात्र असल्या बोर्डवर आणि लोकल एसएमपीएसवर घालू नका.

ऑफिसातून लिलावात आलेला ब्रँडेड स्लिम डेस्कटॉप असेल तर आणखी सांभाळून, त्यांचा बोर्ड, एसएमपीएस, कूलर सगळं त्यांच्या त्यांच्या मापाचं असतं, बाजारातलं बसत नाही. रॅम तेवढी बदला आणि गप्प बसा.

४. रॅम निवडताना

डीडीआर३ आणि डीडीआर४ एकमेकांच्या जागी बसत नाहीत, खाच वेगळ्या जागी असते, डीडीआर३ ला २४० पिना आणि डीडीआर४ ला २८८. जोर लावून बसवायला जाऊ नका, स्लॉट तुटेल. सहाव्या-सातव्या पिढीच्या काही बोर्डवर डीडीआर३ चेही स्लॉट होते, म्हणून "माझा एच११० आहे म्हणजे डीडीआर४च" असं गृहीत धरू नका, काढून बघा. लॅपटॉपची रॅम आखूड असते, ती वेगळी.

किती घ्यायची? ऑफिसचं काम, ब्राउझर, मुलांचा अभ्यास, यासाठी ८ म्हणजे कामचलाऊ आणि १६ म्हणजे निवांत. १६ एकच पट्टी घेण्यापेक्षा ८ च्या दोन घ्या, दोन पट्ट्या असल्या की ड्युअल चॅनल चालतं आणि ग्राफिक्स प्रोसेसरमधलंच असेल तर फरक चांगला जाणवतो. दोन्ही पट्ट्या एकाच कंपनीच्या, एकाच स्पीडच्या असाव्यात, जुनी ४ ची ठेवून शेजारी ८ ची घातली तरी बहुतेक वेळा चालतं, पण दोन्ही सगळ्यात हळू पट्टीच्या स्पीडने पळतात आणि कधीकधी मधूनच निळी स्क्रीन येते, आणि मग शोधत बसा कोण भांडतंय ते.

स्पीडच्या आकड्याला भुलू नका. आय३ ६१०० वर डीडीआर४ जास्तीत जास्त २१३३ ने पळते, सातव्या पिढीत २४००. दुकानात ३२०० ची पट्टी मिळेल, ती घ्यायला हरकत नाही, खाली उतरून चालेल, पण ३६०० ची लाइटवाली घेऊन उगीच जास्त पैसे देऊ नका.

बोर्डची कमाल मर्यादाही बघा, एच६१ आणि एच८१ साधारण १६ जीबी, एच११० ला ३२.

सेकंडहँड डीडीआर३ घेणाऱ्यांनी दोन गोष्टी डोळ्यात तेल घालून बघायच्या. एक, पट्टीवर ईसीसी रजिस्टर्ड असेल तर ती सर्व्हरची, स्वस्त मिळते आणि घरच्या बोर्डवर चालत नाही. दोन, फक्त एएमडीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त पट्ट्या येतात, त्या इंटेलच्या बोर्डवर चालू होत नाहीत, आणि विकणारा हे वाक्य अगदी खाली बारीक लिहितो.

विंडोज ३२ बिटचं असेल तर ४ जीबीच्या वरची रॅम नुसती शोभेला. सेटिंगमध्ये सिस्टिम, अबाउट, तिथे ६४ बिट लिहिलंय का बघून घ्या, नसेल तर विंडोज परत टाकायची तयारी ठेवा.

५. थांबा, मुळात करायचं का?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, म्हणजे माझा सातव्या पिढीचा आय५ त्यात बसत नाही. मग मी का केलं? कारण ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सिक्युरिटी अपडेट घेता येतात, आणि त्यानंतर बाबांना लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम, देणार आहे, त्यांना एक्सेलसारखं काहीतरी आणि ब्राउझर एवढंच पाहिजे. पण तुम्हाला ऑफिसच्या कामासाठी विंडोज ११ च हवं असेल तर सातव्या पिढीपर्यंतच्या जुन्या बोर्डवर नवीन प्रोसेसर घालण्यात पैसे घालू नका. फार तर रॅम आणि एसएसडी घाला, दोन वर्षं काढा, मग बोर्ड-प्रोसेसर-रॅम एकदम बदला. एसएसडी तरी पुढे नवीन बोर्डवर घेऊन जाता येते, जुना प्रोसेसर जात नाही.

६. सामान आणि कागद

स्टारचा स्क्रू ड्रायव्हर, टोकाला चुंबक असलेला असेल तर बरं. थर्मल पेस्टची छोटी ट्यूब, प्रोसेसर आणि त्यावरच्या कूलरच्या मधे लावायला. आयसोप्रोपिल अल्कोहोल, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं, आणि टिश्यू किंवा लिंट न सोडणारं कापड. जुना रंगाचा ब्रश. पेन्सिलचं खोडरबर, पांढरं साधं, वाळू असलेलं शाईचं नको. मोबाईलचा टॉर्च. १६ जीबीचा का असेना, एक पेनड्राइव्ह. आणि स्क्रू ठेवायला वाट्या, मी आईच्या फराळाच्या वाट्या घेतल्या आणि बोलणी खाल्ली.

कागदांत मदरबोर्डचं जुनं बिल आणि खोका असेल तर काढून ठेवा. नवीन रॅमचं पक्कं जीएसटी बिल घ्याच, रॅमवर वॉरंटी चांगली लांब असते आणि दहापाच टक्के वाचवायला कच्च्या चिठ्ठीवर घेतली की ती गेली. पट्टीवरच्या सीरियल नंबरच्या स्टिकरचा फोटो काढा, आणि स्टिकर सोलू नका.

विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन चालू असेल तर बिटलॉकरची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्या. बायोस किंवा प्रोसेसर बदलला की पुढच्या वेळी ती मागू शकतं, आणि नसेल तर फोटो, हिशोब सगळं कुलुपात. बॅकअप तर घ्यायचाच, ते काय सांगायचं.

७. खरेदी

नवीन रॅम मी तापकीर गल्लीच्या परिसरातून घेतली. गाडी घेऊन जाऊ नका, पार्किंगच्या नादात अर्धा दिवस जातो, मंडई मेट्रोला उतरून चालत जा. गणपतीच्या दहा दिवसांत तर त्या बाजूला फिरकूच नका. चार दुकानं विचारा, बोर्डच्या नावाचा फोटो दाखवा आणि "बसली नाही तर बदलून देणार का" हे पैसे द्यायच्या आधी विचारा, बिलावर लिहून मागा. ऑनलाइन भाव फोनवर काढून ठेवा. भाव मी इथे लिहीत नाही, रॅमचे भाव कधी कुठे जातील सांगता येत नाही, २०२५ च्या शेवटी कसे चढले ते घेणाऱ्यांना विचारा.

एवढा जुना प्रोसेसर नवीन मिळत नाही, सेकंडहँडच घ्यायला लागतो. चीप हातात घेऊन खालच्या सोनेरी ठिपक्यांवर काळे डाग, ओरखडे, कोपऱ्याला टवका आहे का बघा. शक्यतो विकणाऱ्याच्या कंप्युटरवर चालू करून दाखवायला सांगा, दहा मिनिटं. एएमडीच्या एएम४ मध्ये पिना चीपलाच असतात, एकही वाकलेली नको. जुना बाजार बुधवारी-रविवारी भरतो, तिथे कॅबिनेटचे स्क्रू, वायरी, पंखे असलं काही घ्यायचं तर घ्या, प्रोसेसर तिथून घेण्याइतकी माझी छाती नाही.

८. बायोस अपडेट, जुना प्रोसेसर आत असतानाच

नवीन प्रोसेसरला नवीन बायोस लागत असेल तर ते जुन्या प्रोसेसरवर आधी करायचं. उलटं केलं तर स्क्रीनच येणार नाही आणि बायोस कुठून करणार. म्हणून जुना विकायची घाई करू नका.

बोर्डच्या पानावरून बायोसची फाइल उतरवा, तंतोतंत तुमच्याच मॉडेल आणि रिव्हिजनची, पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून त्यात टाका, कंप्युटर सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा आणि तिथलं अपडेटचं टूल वापरा. मधे लाईट गेली तर बोर्ड मरू शकतो. त्यामुळे गुरुवारी अजिबात करू नका, पुण्यात देखभालीसाठी लाईट गुरुवारीच जाते. पावसाळ्यात ढग गडगडत असताना पण नको. यूपीएस असेल तर लावाच, शेजाऱ्याचा आणा.

९. उघडा आणि आधी साफ करा

बंद करा, मागची वायर काढा, मग पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. कॅबिनेट आडवं करा. आतल्या वायरींचे फोटो काढा, चारी बाजूंनी. काम करताना मधेमधे कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावत राहा, डिसेंबर-जानेवारीत पुण्याची हवा कोरडी असते, स्वेटर घालून सतरंजीवर बसून हे करू नका.

आमचा कूलर उघडला तेव्हा पंखा आणि खालच्या पत्र्यांच्या मधे धुळीची एक सलग गादी झाली होती, राखाडी, जाड, बोटाने उचलली तर गोधडीच्या तुकड्यासारखी अखंड निघाली. सिंहगड रोडला इतकी वर्षं पुलाचं काम चालू होतं, त्यातली निम्मी धूळ आमच्या प्रोसेसरवर आली असावी. ती काढल्यावर जुना आय३ पण १५ डिग्रीने थंड चालायला लागला असता. म्हणजे काय, नुसतं साफ करूनही फरक पडतो, वर्षातून एकदा करा.

इंटेलच्या साध्या कूलरला चार पिना असतात. प्रत्येकीच्या डोक्यावर बाण आहे, बाणाच्या दिशेला पाव वळसा फिरवा आणि वर ओढा. पंख्याची वायर बोर्डवरून काढायला विसरू नका. जुनी पेस्ट वाळून चिकटलेली असते, कूलर थोडा डावीउजवीकडे हलवत सोडवा. एएम४ वाल्यांनी इथे फार जपून, आधी कंप्युटर दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम करा, मग बंद करून कूलर पिळत पिळत सोडवा. सरळ वर ओढलात तर कूलरला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो, पिनांसकट.

१०. प्रोसेसर बदलणे

बाजूची कडी थोडी दाबून बाहेर सरकवा आणि वर उचला, वरची चौकट उघडेल. जुना प्रोसेसर कडांना धरून सरळ वर उचला. आता आत जे दिसतंय, त्या बारीक सोनेरी पिना, त्यांना काहीही लागू द्यायचं नाही, बोट नाही, कापड नाही, फुंकर पण नाही, थुंकी उडते. एक पीन वाकली की बोर्ड गेला समजा.

नवीन चीपच्या एका कोपऱ्यावर सोनेरी त्रिकोण असतो आणि दोन बाजूंना खाचा. त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवा, खाचा जुळवा, आणि चीप नुसती ठेवा. दाबायचं नाही. कडी लावताना करकर आवाज येईल आणि बराच जोर लागेल, पहिल्यांदा माझ्या पोटात गोळा आला होता, पण तो आवाज नेहमीचा आहे. चीप नीट बसली असेल तर कडी लावा.

११. पेस्ट आणि कूलर

चीपची टोपी आणि कूलरचा बुडखा दोन्ही अल्कोहोलने पुसा, जुन्या पेस्टचा करडा डाग राहायला नको. मधोमध वाटाण्याएवढी पेस्ट, बास. ब्रेडला बटर लावल्यासारखी थापू नका, दाबाने आपोआप पसरते.

कूलर ठेवण्याआधी चारी पिना उलट्या फिरवून मूळ जागी आणा, हे लोक विसरतात. मग समोरासमोरच्या कोपऱ्यातल्या जोडीने दाबा, आधी एक तिरकी जोडी, मग दुसरी. प्रत्येकीचा टक् आवाज आला पाहिजे. मी तीन ऐकले आणि चौथा पण झालाच असणार म्हणून पुढे गेलो. कंप्युटर चालू झाला, छान पळाला, आणि पोरगीने व्हिडिओ लावल्यावर तापमान ९४ ला गेलं, पंखा हेलिकॉप्टरसारखा. उघडून बोर्डच्या मागून टॉर्चने बघितलं तर चौथी पीन अर्धीच आत होती. परत पुसा, परत पेस्ट. कूलर एकदा उचलला की पेस्ट नव्याने लावायचीच. पंख्याची वायर सीपीयू फॅन लिहिलेल्या जागी लावा.

१२. रॅम

दोन्ही बाजूंच्या कड्या उघडा, काही बोर्डवर एकाच बाजूला असते. खाच जुळवा, दोन्ही टोकांवर अंगठ्याने सरळ दाबा, कडी आपोआप मिटून टक् होईल. जोर तुम्हाला वाटतो त्यापेक्षा जास्त लागतो. जुनी पट्टी वापरणार असाल तर तिचे सोनेरी दात खोडरबराने हलक्या हाताने घासून घ्या आणि ब्रशने कचरा झटका, आपल्याकडच्या रिपेअरवाल्यांचा हा निम्मा धंदा आहे. चार स्लॉट असतील आणि पट्ट्या दोन असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट, बहुतेक बोर्डवर तेच असतं, मॅन्युअलमध्ये बघा.

१३. पहिल्यांदा चालू करताना

झाकण लावू नका अजून. पहिल्या वेळी स्क्रीन यायला मिनिटभर लागू शकतं, एकदोनदा आपोआप बंद होऊन परत चालू पण होईल, घाबरून वायर उपटू नका. तरीही काळीच राहिली तर या क्रमाने जा: प्रोसेसरजवळची चार पिनांची वेगळी पॉवर वायर लावली का, ही राहून जातेच. मग एकच पट्टी ठेवून बघा, स्लॉट बदलून बघा. मग वायर काढून बोर्डवरचा गोल सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा, सीआर२०३२ असतो, जुना असेल तर नवीनच टाका, स्वस्त आहे. एवढं करूनही नाही तर जुना प्रोसेसर परत घालून बघा, त्यावर चालला म्हणजे बोर्ड ठीक आहे आणि गडबड नव्या चीपमध्ये किंवा बायोसमध्ये.

चालू झाल्यावर बायोसमध्ये प्रोसेसरचं नाव, रॅमचा पूर्ण आकडा आणि तापमान बघा. सेल काढला असेल तर तारीख-वेळ नीट लावा, नाहीतर ब्राउझरमध्ये एकही साइट उघडणार नाही आणि तुम्ही वायफायला शिव्या घालाल. बोर्ड तोच असल्यामुळे विंडोजचं लायसन्स सहसा तसंच राहतं.

१४. एक रात्र तपासा

मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवा. एकही एरर आली तर पट्टी परत, "एखादी चालते" असं काही नसतं. दुसऱ्या दिवशी कोअर टेम्पसारखं काहीतरी लावून अर्धा तास जड काम द्या, ७०-७५ च्या आसपास राहिलं तर निवांत, ९० च्या पुढे गेलं तर परत कूलरच्या पिना बघा. सीपीयू-झेडच्या मेमरी टॅबमध्ये चॅनलसमोर ड्युअल किंवा २ x ६४ बिट आलंय का तेही बघून घ्या.

१५. जुन्या पार्टचं काय

आय५ ८४०० मी ज्याला बी३६० चा बोर्ड होता अशा एकाला थोड्या तोट्यात विकला. जुना आय३ नव्या चीपच्या प्लास्टिकच्या डबीत ठेवलाय, सहा महिने तरी राहू दे. ४ ची पट्टी मावसभावाच्या कंप्युटरला गेली. जे खरंच मेलंय ते सुक्या कचऱ्यात टाकू नका, पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची संस्था ई-कचरा वेगळा घेते, त्यांना द्या.

बाबांचा चहा आता मात्र गार होतो, कारण बटण दाबून ओट्यापर्यंत पोचायच्या आत पासवर्ड मागतं आणि ते हिशोबच करत बसतात.